अंजनीची सरकती सावली

वडगावच्या कोष्टी गल्लीत कोंबड्याच्या आधी कुंचे जागे होत. रस्त्याच्या मधोमध ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, पसरलेला, दोन्ही अंगांना गडी उभे, आणि खळीनं ओल्या झालेल्या सुतावरून कुंचे फिरताहेत, असं ते दृश्य. याला पाजणी म्हणतात. तांदळाच्या कण्यांची पातळ खळ सुताला पाजायची, म्हणजे सूत अंगात बळ धरतं आणि मागावर तुटत नाही. एवढा लांब ताणा घरात मावत नाही, म्हणून हे काम रस्त्यावर. आणि दिवस वर यायच्या आत, कारण खळ ओली असताना कडक ऊन लागलं तर सूत ठिसूळ होतं. शेवटी थोडं ऊन दाखवावं लागतंच, नाहीतर खळ आतून आंबते आणि लुगड्याला वास येतो. आधी सावली, मग ऊन, आणि तेही बेतानं. कोष्ट्याचं निम्मं आयुष्य हा बेत साधण्यात जातं.

तीस सालच्या आसपास या गल्लीत परशराम कोष्टी वारला. खड्ड्यातल्या मागावर बसून बसून त्याच्या छातीनं दगा दिला. मागं घरात राहिल्या दोघी: आई जयाबाई आणि बायको अंजनी. मूलबाळ नव्हतं. माग होता.

परशराम दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याची लुगडी कोण विणत होतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईनं धोट्यात घालायच्या कांड्या सुतानं भराव्यात, सूत उकलावं, खळ शिजवावी. मागावर गड्यानं बसावं, अशी रीत. अंजनी दार लोटून विणायची. आतून धोट्याचा आवाज आला की बाहेरून जाणारे म्हणायचे, परशा बरा झालेला दिसतो. असं न बघितल्यासारखं करण्यात आमची माणसं मोठी दयाळू असतात. पण नवरा गेल्यावर हे नाटक संपलं, आणि अंजनी उघडपणे विधवा विणकरीण झाली.

विणण्याला कुणी आडकाठी केली नाही. आडकाठी आली पाजणीला. पहाटेच्या पारी पहिल्यांदा विधवेचं तोंड दिसलं तर दिवसभर सूत तुटतं, असं गल्लीतले शहाणे मानत. (सूत तुटतं ते भिजल्या सुताला ऊन लागल्यानं, हे त्याच शहाण्यांना पाठ होतं, पण एका डोक्यात दोन शहाणपणं सुखानं नांदतात.) तेव्हा अंजनीनं ताण्यापाशी यायचं नाही, तिचा ताणा तिचा धाकटा दीर मल्लाप्पा पाजून देईल, असं ठरलं. मल्लाप्पा माणूस वाईट नव्हता. पण त्याचा स्वतःचा ताणा आधी, मग ज्यांनी त्याला हातभार लावला त्यांचे, आणि वैनीचा सगळ्यात शेवटी. तोवर सूर्य घरांच्या कौलांवर आलेला असायचा. अंजनीचा ताणा घरी यायचा तो चुरचुरीत होऊन. मागावर घेतला की पटापट तुटायचा. ती सांधायची, पुन्हा तुटायचा. लुगड्यात गाठीच गाठी.

शहापूरच्या पेठेत आण्णाप्पा शेटची पेढी होती. सूत तिथून यायचं, लुगडं तिथं जायचं. आण्णाप्पा शेट डोळ्यांनी माल बघत नसे, तळहातानं बघे. त्यानं अंजनीच्या लुगड्यावरून हात फिरवला, गाठींवर तो अडखळला, आणि त्यानं लुगडं घडी घालून बाजूला ठेवलं. आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत बघतो, म्हणाला. आखितीलाही माल असाच आला, तर नवं सूत दुसऱ्या मागाला द्यावं लागेल.

सूत बंद म्हणजे माग बंद. त्याच संध्याकाळी मल्लाप्पा आला आणि उंबऱ्याच्या आत पाय न टाकता म्हणाला, की माग त्याच्या घरी हलवू. तो चालवेल. वैनीनं आणि आईनं त्याच्याकडंच राहावं, कांड्या भराव्यात, दोन घास सुखानं खावेत. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच अंजनीला ते जास्त लागलं. तिला कांड्या भरण्याची लाज नव्हती. पण ज्या खड्ड्यात पाय सोडून ती दोन वर्षं बसली, नवऱ्याच्या खोकल्याच्या तालावर तिनं काठ उठवले, तो खड्डा बुजवून तिथं फडताळ ठेवायचं, हे तिला मरणासारखं वाटलं.

"भावजी, माझी पाजणी मी करीन," ती म्हणाली. "माझ्या परसात."

मल्लाप्पाला हसू आलं, पण तो थोरल्या वैनीपुढं हसला नाही. परसू लांब होतं खरं, घराच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत. पण पूर्वेकडं सगळं मोकळं. सूर्य उगवला की पहिला पाय तिथंच टाकायचा. आणि मदतीला गडी नसताना दोन बायकांची पाजणी काही पहाटे संपणारी नव्हती.

मग मांडव घालू, असं अंजनीला वाटलं. ते ऐकून जयाबाईनं हातातली कांडी खाली ठेवली. विधवेच्या दारात लग्नाशिवाय मांडव? तिनं विचारलं, की नवरदेव कुठला बघितलाय. जयाबाईच्या जिभेला धार होती. गुडघे गेले तशी सगळी ताकद तिथं येऊन राहिली होती. शिवाय दुसरी अडचण अंजनीलाच दिसली. मांडव घातला की तो घातला. मग शेवटचं ऊन दाखवायचं कसं? सावली हवी, पण ती आपल्या मनात आलं की बाजूला होणारी हवी.

हे कोडं सुटलं चौंडेश्वरीच्या जत्रेत. देवळापुढं रात्री खेळ होता. विधवांनी लांब भिंतीपाशी बसायचं, आणि तिथून राजाचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होता तो पडदा ओढणारा माणूस. दोरीत कड्या, कड्यांना पडदा. एक दोर ओढला की पडदा चुण्या होऊन एका कडेला गोळा, दुसरा ओढला की परत पसरलेला. राजा रडला, राणी वनवासाला गेली, सगळी जत्रा डोळे पुसत होती, आणि अंजनी त्या दोराकडं बघून एकटीच गालात हसत होती. शेजारणीला वाटलं, हिचं दुःखानं डोकं फिरलं.

तिला तो पडदा उभा न लावता आडवा लावायचा होता, आभाळाखाली.

भरमा सुताराला तिनं परसात नेऊन सगळं हातवारे करून सांगितलं. भरमानं आधी नाही म्हटलं, मग कान खाजवला, मग लोखंडी कड्या गंजतील आणि सुतावर डाग पाडतील असं म्हणाला, आणि शेवटी स्वतःच बांबूची पेरं कापून गुळगुळीत कड्या करून आणल्या. घराकडच्या बाजूला दोन खांब रोवले, विहिरीकडच्या मातीच्या भिंतीत दोन. खांबांना जुन्या मागाच्या कप्प्या. त्यांवरून अंबाडीचे दोर. असं काम आपण जन्मात केलं नाही, असं तो सारखा म्हणत होता, पण कंटाळून नव्हे.

कापड अंजनीनं स्वतः विणलं. जाड्या सुताचं, ठोकून ठोकून, पाखराची चोच जाणार नाही असं घट्ट. हे सूत तिच्याकडं पडून होतं, शेटच्या सुताला तिनं हात लावला नाही. दोन पट्टे विणून मधे शिवले. आणि गंमत अशी, की उन्हात टांगायच्या त्या कापडालाही तिनं दोन्ही अंगांना तांबडा काठ घातला. जयाबाईनं विचारलं, आभाळाला नेसवायचंय का. अंजनी म्हणाली, हाताला सवय हाय, बिनकाठाचं त्याला विणता येत न्हाय.

चैत्रातल्या एका सकाळी ते कापड चढलं. अंजनीनं ते ताणून ताणून बांधलं. कोष्ट्याच्या डोळ्याला ढिलं कापड सोसवत नाही. मागावर ढील पडली की पोत बिघडतो, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. तिनं टिचकी मारली तेव्हा कापड ढोलकीसारखं वाजलं. मल्लाप्पाची बायको शालूबाई भिंतीवरून बघत होती, ती तोंडाला पदर लावून म्हणाली, लई झाक झालंय आक्का. अंजनीच्या छातीत असं काहीतरी फुललं, जे तिला नवरा गेल्यापासून माहीतच नव्हतं.

मग तिनं ताणा पसरला आणि खळ लावायला घेतली. सावली चांगली होती, पण वारा कोरडा सुटला. कुंचा इकडून तिकडं जाईपर्यंत सूत वाळायला लागलं. अंजनीला आपला माग आठवला. हवा कोरडी झाली की मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडतात, म्हणजे सूत मऊ राहतं. तेच इथं करायचं. तिनं विहिरीचं पाणी काढलं आणि घागरीमागून घागर त्या कापडावर ओतली. खाली गारवा आला. सूत मऊ पडलं. जयाबाईसुद्धा म्हणाली, व्हय, आता बरं वाटतंय.

आणि मग कापड कुरकुरायला लागलं.

आधी दोर ताठले. मग खांब आतल्या अंगाला झुकले. अंजनी धावत दोराच्या गाठीपाशी गेली, पण भिजलेली गाठ सुटते थोडीच. विहिरीकडचा एक खांब भिंतीतली मातीची ढेपळं घेऊन उपटला, आणि सगळं लटांबर, कापड, कड्या, खांब, माती, धाडकन ताण्यावर येऊन पडलं. मधल्या भागातलं सूत तटातट तुटलं.

गल्ली गोळा झाली. बऱ्याच जणांना वाईट वाटलं आणि बऱ्याच जणांना बरं वाटलं, आणि काहींना दोन्ही. आभाळाला लुगडं नेसवायला गेली, असं कुणीतरी बोललं, ते तिला ऐकू आलं. मल्लाप्पानं खांब उचलून बाजूला ठेवला. जाताना एवढंच म्हणाला, की माग हलवायचं तेवढं आता मनावर घ्या वैनी, हट्टाला बी शेवट असतो. अंजनी मातीत बसून राहिली. तिला वाटलं, खरंच सगळं संपलं. ती रडली आणि तिनं ते रडणं लपवलं नाही.

जयाबाई मात्र पडलेल्या कापडाशी झटत होती. ओलं कापड वाळत टाकावं म्हणून ती त्याची घडी घालायला गेली, तर ते तिला तोकडं वाटलं. हातानं मापलं, पुन्हा मापलं.

"अंजने, ह्ये आखडलंय गं," ती म्हणाली. "लई आखडलंय."

शालूबाई अजून भिंतीपाशीच होती. तिला नवल वाटलं ते यांच्या नवलाचं. "आवं आक्का, नवं लुगडं पयल्या धुण्यात वितभर वर जातंच की. आपुन बायका काय आज नेसतोय व्हय?"

अंजनी रडता रडता थांबली आणि तिला हसू फुटलं. नेसणाऱ्या अंजनीला हे चांगलं ठाऊक होतं. विणणाऱ्या अंजनीला नव्हतं. कोष्ट्याच्या घरातून कापड निघतं ते कोरं. त्याला पाणी लावायचं ते गिऱ्हाइकानं. मागावरून उतरलेल्या कापडाला घरात पाण्याचा थेंब लागला तर ते बाटलं, असं जयाबाई सून आली त्या दिवसापासून बजावत आली होती. पिढ्यान् पिढ्या लुगडी विणून या घरानं आपलं एकही कापड धुऊन बघितलं नव्हतं. अशी चूक करायला माणूस कोष्टीच लागतो. कुणी शिंपी असता, धोबी असता, त्यानं आधी कापड पाण्यात बुडवलं असतं आणि मग हात लावला असता. आणि ढोलकीसारखं ताणलेलं तर कोष्ट्याशिवाय कुणी बांधलंच नसतं.

आता करायचं काय, हे उघड होतं. पण घरची रीत मोडायची होती, आणि ती जयाबाईची होती. अंजनी सासूच्या तोंडाकडं बघत राहिली.  जयाबाई भिंतीला धरून उठली, कापड ओढत विहिरीवरच्या दगडापाशी गेली, आणि स्वतःच्या हातानं त्यावर तांब्या ओतून कपडे बडवायचा धोका हाणायला लागली. गुडघ्यांनी तिला फार वेळ बसू दिलं नाही. मग सुनेनं धोका घेतला. ते कापड त्यांनी राखेच्या पाण्यात उकळलं, आपटलं, वाळवलं, पुन्हा भिजवलं. आखडायचं तेवढं त्याला आखडू दिलं. कमी पडलं तिथं अंजनीनं आणखी एक पट्टा विणून जोडला. त्यालाही काठ घातलाच.

भरमानं या वेळी खांब भिंतीत न घालता भुईत खोल रोवले आणि बाहेरच्या अंगाला मेखांना ताण दिला. कापड बांधताना मात्र तो अंजनीवरच डाफरला, कारण ती सवयीनं पुन्हा आवळायला लागली होती. शेवटी तिनं डोळे मिटून दोर सैल सोडला. कापडाला मधे पोट सुटलं. तिला ते बघवत नव्हतं. भरमा म्हणाला, पोट सुटलेला माणूस जास्त टिकतो, शेट लोकांकडं बघा.

तुटलेला ताणा तिनं धागा धागा सांधून सारखा केला होता. तोच पुन्हा पसरला. या वेळी शालूबाई भिंतीवरून बघत राहिली नाही. घरचं काम टाकून ती आत आली आणि पलीकडच्या अंगाला कुंचा घेऊन उभी राहिली. नवऱ्याला काय सांगितलं, ते तिनं सांगितलं नाही. जयाबाई पाट टाकून खांबापाशी बसली, हातात दोर. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडं घरातलं सगळ्यात नवं काम आलं होतं. सून म्हणाली की ती दोर ओढायची, आणि काठाकाठाचं ते लांब कापड बांबूच्या कड्यांवर सरसरत जाऊन सगळं परसू सावलीत घ्यायचं. अंजनीनं कापडावर पाणी ओतलं, ते या वेळी कुरकुरलं नाही. कुंचे फिरले, सूत एकसारखं बसलं. मग अंजनीनं हात वर केला. जयाबाईनं दुसरा दोर ओढला, कापड चुण्या होत घराकडं गोळा झालं, आणि ताण्यावर ऊन पडलं. ऊन किती द्यायचं ते अंजनी बोटांनी चाचपून ठरवत होती. बास म्हणाली, की पुन्हा सावली. सूर्य चांगला माथ्याकडं निघाला होता, गल्लीतल्या पाजण्या कधीच आटोपल्या होत्या, आणि या तीन बायका आपल्या सवडीनं, मधेच पाणी पीत, पाजणी करत होत्या.

तो ताणा मागावर चढला आणि तुटला नाही. म्हणजे सांध्यांशी दोन-चारदा तुटला, पण त्याला तुटणं म्हणत नाहीत. अंजनी ते लुगडं घेऊन आखितीला शहापूरला गेली. आण्णाप्पा शेटनं तळहात ठेवला आणि तो काठापासून पदरापर्यंत सरळ गेला. त्यानं पुन्हा फिरवला. मग नवं सूत तिच्यापुढं ठेवलं, आणि पाजणी कुठं करून घेतली म्हणून विचारलं. घरी केली, अंजनी म्हणाली. शेटला ते पटलं नाही. एकदा येऊन बघतो, म्हणाला.

वैशाखात उन्हानं कहर केला. पहाट अशी उरलीच नाही. सूर्य उगवायच्या आधीच रस्ता तापलेला असायचा आणि वारा भट्टीतून आल्यासारखा. गल्लीतल्या पाजण्या करपायला लागल्या. मल्लाप्पाचे लागोपाठ दोन ताणे वाया गेले. तिसरा त्यानं खांद्यावर टाकला, आपले गडी बरोबर घेतले, आणि वैनीच्या परसाच्या दारात येऊन उभा राहिला. उभा राहिला खरा, पण आत पाय टाकेना. शालूबाई आतच होती, तिनं नवऱ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. मघाशी म्हटलं तसं, ही आमची जुनी दया.

अंजनीला काय काय बोलता आलं असतं. तिनं नुसतं दार पुरतं उघडलं.

गड्यांनी ताणा पसरला. ताण्याच्या डोक्याशी जो उभा राहतो, त्याच्या शब्दावर सगळे कुंचे चालतात, आणि ती जागा गल्लीत मल्लाप्पाची. सवयीनं तो तिथं गेला. वर त्या पोट सुटलेल्या कापडाकडं बघितलं, दोर धरून बसलेल्या आईकडं बघितलं, आणि बाजूला सरला.

"वैनी, हितं तुमी हुबं ऱ्हावा," तो म्हणाला. "सावली कवा वढायची, मला काय कळतंय."

अंजनी ताण्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. सकाळचीच वेळ होती, आणि समोर सगळे गडी तिच्या तोंडाकडं बघत होते, ती कधी सांगते म्हणून. कुणाच्या मनात अपशकुन आला असेल तर त्यानं तो मनात ठेवला. अंजनीला अभिमान वाटला. भरपूर वाटला. आपल्या हातांचा, आपल्या कापडाचा, त्या तांबड्या काठाचासुद्धा. तिनं हात वर केला आणि सावली सरसरत आली.

त्याच गडबडीत आण्णाप्पा शेट बोलल्याप्रमाणं बघायला आला. छत्री मिटून तो त्या सावलीत उभा राहिला, वर बघितलं, कड्या बघितल्या, मागच्या दारातून आत मागाकडं डोकावला. सुताच्या हिशेबाला मागाचं नाव लागतं, म्हणून त्यानं विचारलं, की हा माग कुणाचा लिहायचा.

"परशादादाचा," मल्लाप्पा म्हणाला. सगळी गल्ली तसंच म्हणत होती.

जयाबाईनं हातातला दोर सोडला नाही. एकुलता एक नसला, तरी परशा तिचा पहिला मुलगा होता. 

"परशाचा हुता," ती म्हणाली. "आता अंजनीचा ल्हिवा."

अंजनीचे डोळे भरून आले. पण दोन्ही हात खळीनं माखलेले होते आणि अर्धा ताणा अजून ओला होता, तेव्हा तिनं ते तसेच वाहू दिले आणि सासूला दोर ओढायला सांगितलं.